पाळीची गोळी: सातपूरच्या काउंटरवरचं एक प्रकरण

नाशिकच्या सातपूर भागात आमचं मेडिकल आहे. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला चाळी आणि भाड्याच्या खोल्या. पुढचं प्रकरण त्या नवरा-बायकोला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

डिसेंबरातला सोमवार, सकाळचे साडेनऊ. काउंटरवर तिघंजण होते, हा चौथा. रात्रपाळी करून आलेला, स्वेटरवर कंपनीचा बिल्ला तसाच. त्याने क्रोसिनची पट्टी घेतली, पैसे दिले आणि तिथेच उभा राहिला. मग खोकल्याच्या गोळ्यांची बरणी उचलून तिच्यावरचं बारीक छापील वाचायला लागला. ज्याला मनातलं काही मागायचं असतं तो गिऱ्हाईक असाच काहीतरी वाचत बसतो. बाकीचे गेल्यावर तो पुढे झाला.

"मॅडम, ती 72 वाली एक द्या."

आता ही गोळी, म्हणजे असुरक्षित संबंधांनंतर 72 तासांच्या आत गर्भ टाळायला घ्यायची ती, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येते. 2005 पासून देशात तसा नियमच आहे. लग्न झालंय का, नवरा कोण, हे विचारायचा मला अधिकार नाही आणि मी विचारतही नाही. पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय मी पाकीट पुढे सरकवत नाही: संबंध येऊन किती तास झाले, शेवटची पाळी कधी सुरू झाली, आणि बाईला दुसरं कुठलं औषध चालू आहे का.

"शनिवारी रात्री. साडेअकरा वाजले असतील. निरोध फाटला," तो खाली बघत म्हणाला.

शनिवार रात्र साडेअकरा ते सोमवार सकाळ साडेनऊ म्हणजे 34 तास. मी विचारलं, "अहो दादा, मग काल का नाही आलात?"

त्याने खिशातून एक पट्टी काढून काउंटरवर ठेवली. दहापैकी तीन गोळ्या काढलेल्या. नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम.

"काल आणली होती. दुसरीकडून."

मेडिकलमध्ये काम केलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. रविवारी सकाळी तो घराजवळच्या दुकानात गेला होता. शेजारचे काका शुगरच्या गोळ्या घ्यायला आलेले, त्यांच्यासमोर नीट मागता येईना, म्हणून हळूच म्हणाला, "मिसेससाठी पाळीची गोळी द्या." आपल्याकडे नुसती 'पाळीची गोळी' म्हटली की हात आपोआप एकाच खणाकडे जातो: सत्यनारायण, लग्न, गणपती, त्र्यंबकेश्वरची पूजा, आणि मधे येणारी पाळी. दुकानातल्या मुलाने पाळी पुढे ढकलायची पट्टी दिली आणि सांगितलं, "दिवसातून दोन, पाच दिवस." खरं तर ही गोळी चिठ्ठीवर द्यायची. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

नवऱ्याने विश्वासाने पट्टी घरी नेली. बायकोने रविवारी दोन घेतल्या आणि सोमवारी सकाळी चहाबरोबर तिसरी. तिसऱ्या वेळी तिने पट्टीवरचं नाव नीट वाचलं. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या हळदीच्या वेळी तिने हीच गोळी घेतली होती. "अहो, ही तर लग्नाला घेतली होती ती," असं म्हणून तिने रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला दारातूनच परत पाठवलं.

त्या गोळीने तिचं नुकसान झालं नाही. पण तिला हवं होतं ते काम त्या गोळीचं नाही, आणि त्यात जवळजवळ चोवीस तास गेले.

तास गेले म्हणजे काय गेलं, ते इथे सांगते. कारण '72' या आकड्याने लोकांचा फार घोटाळा होतो. तीन दिवसांची मुदत आहे, तिसऱ्या दिवशी घेतली तरी चालेल, असं वाटतं. मुदत वीजबिलाची असते. या गोळीचं तसं नाही. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असतं, 1.5 मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. पूर्वी 0.75 च्या दोन गोळ्या बारा तासांनी घ्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने त्या दोन डोसांची तपासणी करून 1998 मध्ये आकडे मांडले. पहिल्या 24 तासांत घेतली तर एरवी राहिले असते त्यातले 95 टक्के गर्भ टळले. 25 ते 48 तासांत घेतली तेव्हा 85 टक्के, आणि 49 ते 72 तासांत 58 टक्के. म्हणजे पाकिटावरचा आकडा बघून निवांत बसणाऱ्याचं नुकसान आधीच सुरू झालेलं असतं.

ही गोळी गर्भ पाडत नाही. अंडाशयातून अंडं बाहेर पडण्याआधी शरीर एका संप्रेरकाची मोठी लाट सोडतं. ती लाट अडवायची किंवा पुढे ढकलायची, एवढंच हिचं काम. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, अंडं मात्र दिवसभरच टिकतं. अंडं उशिरा आलं तर त्यांची भेटच होत नाही. पण लाट उसळून गेली असेल किंवा अंडं आधीच बाहेर पडलं असेल, तर गोळी घेऊनही फारसा उपयोग नाही. गर्भ राहून गेला असेल तर ती त्याला काही करत नाही, इजाही नाही. म्हणून मी पाळीची तारीख विचारते.

ती त्याला माहीत नव्हती. नवऱ्यांना ती क्वचितच माहीत असते. त्याने बायकोला फोन लावून माझ्या हातात दिला.

"ताई, कालनिर्णय बघून सांगते, थांबा," पलीकडून आवाज आला. भिंतीवरून कागद फडफडल्याचा आवाज झाला, मागे एक लहान मूल रडत होतं. "संकष्टी रविवारी होती ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. उपवास सोडून झाला आणि सकाळी."

म्हणजे सोमवार. शनिवार तेरावा दिवस. पाळी दर महिन्याला वेळेवर, 28-29 दिवसांनी, म्हणजे अंडं बाहेर पडायची वेळ साधारण हीच. याहून नेमका अडचणीचा दिवस शोधूनही मिळाला नसता. पण खरी गाठ अजून सुटायची होती.

"ताई, दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

थोडा वेळ गप्प. मग ती म्हणाली, "नाही, तसं काही नाही. ताकदीच्या गोळ्या आहेत. दवाखान्यातल्या."

तिच्या नवऱ्याने त्याच क्षणी मान दुसरीकडे वळवली. तेवढ्यावरून मला शंका आली. ताकदीच्या गोळ्यांसाठी कुणी मान वळवत नाही.

"सरकारी दवाखान्यातल्या का? रोज किती घेता?"

"तीन. उपाशीपोटी."

"लघवीला लाल, नारिंगी होतं का त्या घेतल्यावर?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो. दुसरा महिना चालू आहे. पण तुम्ही कुणाला सांगू नका ताई. घरमालकाला माहीत नाहीये."

टीबी. फुप्फुसाचा. वजन 42 किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. चार औषधं एकत्र असलेली ती तपकिरी-लाल गोळी. महापालिकेच्या दवाखान्यातून औषध फुकट, खात्यात पोषणाचे महिन्याला 1,000 रुपये, सगळं व्यवस्थित चालू. उपचार संपेपर्यंत दिवस जाऊ देऊ नका, निरोध वापरा, हेही तिथे सांगितलेलं होतं आणि ते दोघं तसं वागतही होते. निरोध फाटला, याला कोण काय करणार?

त्या चार औषधांतलं एक रिफाम्पिसिन. लघवी नारिंगी करणारं तेच. आणि यकृताला कामाला लावणारंही तेच. यकृतात औषधं मोडून काढणारी जी विकरं असतात ती रिफाम्पिसिनमुळे दुप्पट जोमाने कामाला लागतात, आणि मग लेव्होनॉरजेस्ट्रेलही झपाट्याने मोडलं जातं. रक्तात त्याचं प्रमाण इतकं खाली येतं की गोळी घेतली काय, न घेतली काय. रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी माला-एनही याच कारणाने टीबीच्या उपचारात भरवशाची राहत नाही. फिट्सच्या काही जुन्या गोळ्यांचं असंच आहे: कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटॉन. एचआयव्हीच्या उपचारातल्या एफाव्हिरेन्झचंही.

मी हे त्याला सोप्या शब्दांत सांगितलं. त्याने लगेच तोडगा काढला. "मग टीबीची गोळी दोन दिवस बंद ठेवली तर? नंतर परत चालू करू."

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. मी विचारलं नसतं आणि त्याने कुठून तरी हे अर्धवट ऐकलं असतं, तर त्याने नेमकं हेच केलं असतं. यकृताचा वाढलेला वेग दोन दिवसांत उतरत नाही, त्याला काही आठवडे जातात. म्हणजे गर्भनिरोधाला फायदा शून्य, आणि मधेच डोस चुकवला तर टीबीचे जंतू औषधाला दाद न देणारे व्हायची भीती. "दादा, ती गोळी एक दिवसही चुकवायची नाही. घर पेटलं तरी ती घेऊन मग बाहेर पळायचं," असं मी म्हटलं. जरा जास्तच बोलले, पण तो हसला आणि त्याच्या लक्षात राहिलं.

मग करायचं काय? कॉपर-टी.

लोकांना कॉपर-टी ठाऊक असते ती बाळंतपणानंतरची, दोन मुलांत अंतर ठेवायची. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती आपत्कालीन उपाय म्हणूनही चालते, आणि गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची. हजारात एखादीलाच दिवस जातात. तांब्यातून सुटणारे कण शुक्राणूंना निकामी करतात. यात यकृताचा, रक्तातल्या पातळीचा संबंधच येत नाही, त्यामुळे रिफाम्पिसिनला तिथे काही करता येत नाही. वजनाचंही तेच. सत्तर किलोच्या वर वजन असलेल्या बाईला गोळी कमी लागू पडू शकते, कॉपर-टीला वजनाचं काही नसतं. शिवाय ती पुढे राहते. 380ए प्रकारची दहा वर्षं, 375 प्रकारची पाच वर्षं. सरकारी दवाखान्यात मोफत. हिचे उपचाराचे चार महिने बाकी होते, तेवढाही प्रश्न मिटत होता.

एक शंका होती. टीबी ओटीपोटातला, गर्भाशयाचा असेल तर कॉपर-टी बसवत नाहीत. फुप्फुसाच्या टीबीत अडचण नाही. तिचे कागद नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होते. मी ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना फोन केला आणि ते वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "आजच बसवून घ्यायला सांग. आणि लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दोन गोळ्या सोबत देऊन ठेव. दुपारी दोनपर्यंत टी बसली नाही तर दोन्ही एकदम घ्यायच्या, मग उद्या पुन्हा टीचं बघायचं."

अशा औषधांवर असलेल्या बाईला दुप्पट म्हणजे 3 मिलिग्रॅम द्यायची सूचना ब्रिटनमध्ये 2016 पासून आहे. काहीच नसण्यापेक्षा बरं, इतपतच तिचा भरवसा. हे फक्त अशा औषधांपुरतं आहे. एरवी एक म्हणजे एकच; दोन घेतल्याने जास्त खात्री होत नाही, मळमळ मात्र होते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती वाया गेली असं धरून पुन्हा घ्यावी लागते, हेही मी त्याला सांगून ठेवलं.

मग आमच्या बिलाच्या पाठीवर मी चिठ्ठी लिहून दिली, कारण तोंडी निरोप दवाखान्याच्या दारात अडकतो. 'असुरक्षित संबंध: शनिवार रात्र 11.30. शेवटची पाळी: सोमवार, संकष्टीनंतरचा. टीबीचा उपचार, रिफाम्पिसिन चालू. फुप्फुसाचा टीबी. आपत्कालीन कॉपर-टीसाठी. मुदत: गुरुवार रात्र 11.30.' संकष्टी लिहायची गरज नव्हती. घाईत लिहिलं गेलं.

चिठ्ठी असूनही ते पहिल्या ठिकाणाहून परत आले.

तिथल्या सिस्टरने सांगितलं, "कॉपर-टी पाळीच्या पाचव्या दिवशी बसवतो. पाळी आली की या." हे ती मनाने बोलली नाही. असंच शिकवलेलं असतं, आणि त्यामागे कारणही आहे: पाळी चालू असताना बाई गरोदर नाही याची खात्री असते, आणि बसवायलाही सोपं जातं. पण नियम का आहे ते कुणी सांगितलेलं नसलं की नियम कुठे लागू नाही तेही कळत नाही. इथे पाळीची वाट बघायची म्हणजे ज्यासाठी आलो तेच घालवायचं. आग विझल्यावर या, असं अग्निशमन दलाने सांगण्यातला प्रकार.

साडेबारा झाले होते. नवऱ्याचा फोन आला, "ताई, गोळ्या घेऊ का आता?" सकाळची मॅडम दुपारपर्यंत ताई झाली होती. मी म्हटलं, दोन वाजायचेत, दुसरीकडे जा, आणि तिथे आधी डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा, केसपेपर काढणाऱ्याला नाही. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, लघवीची तपासणी केली, आतून तपासलं आणि दोनला पंधरा मिनिटं कमी असताना टी बसवली. त्याची बायको नंतर मला म्हणाली, "बाळंतपणाच्या मानाने काहीच नाही. कळ आली एक, जोरात. मग त्यांनी विचारलं, संकष्टी करता का तुम्ही? हसायला आलं."

पुढचं थोडक्यात. पाळी ढकलायची गोळी बंद केली. ती बंद केल्यावर मधेच थोडं रक्त जाऊ शकतं, ती पाळी समजून निर्धास्त होऊ नका, तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी कराच, असं सांगितलं होतं. तसंच झालं. गुरुवारी डाग पडले, ती घाबरली, फोन केला. जानेवारीत तपासणी केली, एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेलेले नव्हते. त्यानंतरच्या दोन पाळ्यांना अंगावरून जास्त गेलं. कॉपर-टीने सुरुवातीला असं होतं, आणि हिचं हिमोग्लोबिन आधीच कमी, म्हणून टीबीच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला लावलं. त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आता तिच्याकडे खऱ्याखुऱ्या ताकदीच्या गोळ्या आहेत.

पहिल्या दुकानातल्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने ऐकलं तसं दिलं. पण त्याच्या मालकाबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती आमच्या धंद्यातल्या पुष्कळांबद्दल आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कारवाया महाराष्ट्रात सुरू झाल्या तशी गर्भपाताच्या गोळ्यांच्या नोंदींवर नजर आली. ती आलीच पाहिजे होती, ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही. पण भीती अशी पसरली की कित्येकांनी 72 वालीही खालच्या खणात, फडक्याआड ठेवली. एकच नाव पुढे ठेवून '72' ही आपत्कालीन गोळी, '21' ही रोजची गोळी आणि 'किट' म्हणजे गर्भपाताचं औषध, अशी तिन्ही पाकिटं बाजारात आहेत. गिऱ्हाइकाचं सोडा, नवीन हेल्परचाही गोंधळ होतो. चिठ्ठी लागते ती किटला. 72 ला नाही. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे हीच गोळी 'ईझी पिल' नावाने मिळते, हे तर सातपूरमध्ये मी शंभर जणींना विचारलं तर दहा जणींनाही माहीत नसेल, असा माझा अंदाज.

आणि दुकानदार बोलत नाहीत. पाकीट कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, नजर न देता हातात देणं यालाच ते सभ्यता समजतात. गिऱ्हाइकालाही तेच बरं वाटतं. कॉलेज रोडला माझी मैत्रीण दुकान चालवते. तिच्याकडे येणाऱ्या मुली स्कार्फमधून फक्त डोळे दाखवतात, आणि बोटाने काचेवर 72 लिहितात. तिने आता तिन्ही प्रश्न कागदावर छापून काउंटरवर चिकटवलेत, तोंडाने बोलायला नको म्हणून. मुली बोटाने उत्तर दाखवतात. मला आधी ते विचित्र वाटलं, पण चालतंय.

आमच्याकडे मी तसं छापलेलं नाही. आमच्या हेल्परला, बारावी झालेला पोरगा आहे, शिकवलंय. 'पाळीची गोळी' ऐकलं की खण उघडायचा नाही, आधी विचारायचं. काय शब्दांत विचारायचं हे त्यानेच ठरवलं. परवा एक मावशी आल्या, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "पाळीची गोळी दे रे."

तो शांतपणे म्हणाला, "मावशी, पाळी यायला नकोय, की चुकायला नकोय?"

मावशींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "यायला नकोय रे बाबा. गुरुवारी सुनेच्या माहेरी वास्तुशांत आहे."

"मग डॉक्टरांची चिठ्ठी लागेल," तो म्हणाला, आणि खोकल्याच्या गोळ्यांची बरणी सरळ करून ठेवली.